क्रिस्तपुराण वाचायचंय: आवृत्ती कोणती घ्यावी? आणि मूळ लिपी कोणती होती?

ओवीशोधक:
गोव्यातले इंग्रज जेझुइट पाद्री फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण, म्हणजे बायबलच्या कथांवरचं ओवीबद्ध मराठी पुराण, मुळातून वाचायचं आहे. त्यातली मराठीच्या स्तुतीची ओवी, 'जैसी हरळांमाजी रत्नकिळा', सगळ्यांनाच पाठ असते, पुढचं मात्र कुणी सांगत नाही. अडचणी तीन: (१) मूळ ग्रंथ रोमी (म्हणजे इंग्रजीच्या अक्षरांच्या) लिपीत होता की देवनागरीत? दोन्ही दावे वाचले. (२) एकूण पसारा किती, आणि सुरुवात कुठून करावी? (३) रोमी पाठ समोर ठेवला तर शब्दच लागत नाहीत, त्याला काही किल्ली आहे का?

सासष्टीवाला:
आधी लिपी. 1616 साली गोव्यात राशोलला छापलेली पहिली आवृत्ती रोमी लिपीत होती. 1649 आणि 1654 मध्ये ती पुन्हा छापली गेली. यांतली एकही छापील प्रत आज हाती नाही, आपण वाचतो ते हस्तलिखितांच्या आधाराने. रोमी लिपी काही हौसेने निवडलेली नव्हती. 1608 मध्ये रोमला जेझुइट प्रमुखांना लिहिलेल्या पत्रात स्टीफन्सनी इथल्या भाषेत आणि इथल्याच अक्षरांत पुस्तकं छापावीत अशी इच्छा मांडली आहे. अडचणही सांगितली आहे: युरोपात 24 अक्षरांवर भागतं, इथे साच्यांची संख्या 600 च्या घरात जाते. ती 200 पर्यंत आणता येईल असा त्यांचा हिशोब होता. पण ते ठसे काही झाले नाहीत.

देवनागरीचा दावा येतो लंडनच्या मार्सडेन संग्रहातल्या हस्तलिखितावरून. त्याची भाषा रोमी पाठापेक्षा जास्त संस्कृतकडे झुकलेली आहे. 'मूळ' कोणतं हा वाद त्यामुळेच. छापून निघालं ते मात्र रोमीतच.

पोथीपान:
पसाऱ्याचं सांगतो. दोन पुराणं आहेत. 'पैलें' जुन्या करारावर, 36 अवस्वरू (म्हणजे अध्याय). 'दुसरें' येशूच्या चरित्रावर, 59 अवस्वरू. ओव्या सुमारे 11 हजार. पहिल्यापासून सलग वाचायला घेतलं तर बहुतेक जण जुन्या करारातच अडकतात. त्यापेक्षा पैल्या पुराणाचा पहिला अवस्वरू वाचा, मग थेट दुसरं पुराण धरा.

तो पहिला अवस्वरू सोडू नका. सगळ्या ग्रंथाचं कारण तिथे आहे. नवा ख्रिस्ती झालेला ब्राह्मण पाद्रीगुरूंकडे येतो आणि म्हणतो की जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरं पुराण द्या. मराठीची स्तुतीही याच अवस्वरूत आहे, पण ती ओवी वेगळी कापून फलकावर लावली की हा संदर्भच गळतो.

घाट अस्सल ओवीचा: तीन चरणांत यमक, चौथा आखूड आणि मोकळा. रत्नकिळा, निळा, चोखळा, आणि मग 'भासा मराठी'. मोठ्याने वाचा, चौथ्या चरणावर थांबा. कवितेसारखं डोळ्यांनी वाचलं तर कंटाळा येईल. हे रविवारी आणि सणांना चर्चमध्ये म्हणण्यासाठी होतं.

रोमी_लिपी:
किल्ली अशी. 'सी' म्हणजे क, इ-ए च्या आधी 'क्यू-यू' म्हणजेही क. 'एक्स' म्हणजे श किंवा ष. 'यू' कधी उ, कधी व, ते शब्दावरून ठरवायचं. ऱ्हस्वदीर्घ पाळलेलं नाही. ट, ड, ण, ळ दाखवायला अक्षर दुहेरी करतात: 'पुराण' मध्ये 'एन' दोन, 'वैकुंठ' मध्ये 'टी' दोन आणि पुढे 'एच'.

घोळ होतो तो इथेच. 'पैलें' या शब्दातही 'एल' दोन आहेत, म्हणून नियमाने चाललात तर 'पैळें' वाचाल. आणि शेवटचा 'एम' हा म नाही, अनुस्वार आहे. 'पैलेम' नव्हे, 'पैलें'. शंका आली की शब्द उच्चारून बघा. कोंकणी कानावर असेल तर निम्मी कोडी तिथेच सुटतात, कारण साष्टीच्या (गोव्यातला राशोलचा परिसर) लोकांना कळावं म्हणून स्टीफन्सनी मराठीत तिथल्या बोलीतले शब्द मुद्दाम मिसळले होते.

शब्दार्थात फसवणारे दोन प्रकार आहेत. वैकुंठ, यमपुरी हे ओळखीचे शब्द, पण अर्थ ख्रिस्ती: स्वर्ग आणि नरक. याउलट 'स्पिरितु सांतु' (पवित्र आत्मा) असे पोर्तुगीज शब्द तसेच ठेवलेत, कारण तिथे जुना शब्द वापरला तर जुनी कल्पना चिकटून येणार.

सासष्टीवाला:
आवृत्त्यांचं राहिलं होतं. जे. एल. सालढाणांची 1907 ची मंगळूर आवृत्ती रोमीत आहे, पाठ तपासायला तीच. देवनागरीत वाचायचं तर शांताराम बंडेलूंची 1956 ची. अर्वाचीन मराठी गद्य हवं तर नेल्सन फाल्कांव यांचा 2009 चा अनुवाद. नवख्याने बंडेलू पुढ्यात आणि फाल्कांव बाजूला, असं वाचावं. नुसत्या गद्यावर राहिलात तर कथा कळेल, ओवी हरवेल.

एक गल्लत टाळा. फ्रेंच जेझुइट एतिएन द ला क्रुआ यांचं सेंट पीटरवरचं ओवीबद्ध पुराण पुढचं, 1629 च्या सुमारास छापलेलं. ते कधीकधी स्टीफन्सच्या नावावर खपवलं जातं. स्टीफन्स 1619 मध्येच वारले. त्यांची कोंकणी 'दौत्रिना क्रिस्तां' (ख्रिस्ती धर्मशिकवणीचं पुस्तक) 1622 ला आणि कोंकणी व्याकरण 1640 ला निघालं, दोन्ही मरणोत्तर. व्याकरणात दियोगु रिबेरु या दुसऱ्या जेझुइटांनी भर घातलेली आहे, त्यामुळे त्यातला प्रत्येक नियम स्टीफन्सचाच असं धरू नका.

ओवीशोधक:
'पैळें' असंच वाचत होतो! आभार. बंडेलू शोधतो.