काठमांडूहून पोखरा, स्वस्तात आणि सासूबाईंना झेपेल असं कसं जायचं?

दौलतगंजवाली
नमस्कार मंडळी. तुळशीच्या लग्नानंतर आम्ही पाच जण नेपाळला निघतोय, मी, हे, सासू-सासरे आणि नऊ वर्षांचा मुलगा. ग्वाल्हेरहून बरौनी मेलने गोरखपूर, तिथून सोनौली बॉर्डर, मग काठमांडू. पशुपतिनाथाचं दर्शन आणि तीन रात्री तिथे, मग चार दिवस पोखऱ्याला फेवा तलावाच्या काठी लेकसाइडला. हॉटेलं बघून झाली, अडलंय ते काठमांडू ते पोखरा या मधल्या २०० किलोमीटरवर. कोणी सांगतं टुरिस्ट बस, कोणी मायक्रोबस, कोणी म्हणतं रात्रीची बस घ्या म्हणजे हॉटेलची एक रात्र वाचते. विमान पाच जणांना परवडेल असं वाटत नाही.

सासूबाई ६४ च्या आहेत, गुडघे दुखतात आणि घाटात गाडी लागते. आणि खरं कारण वेगळंच आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या भाविकांची बस मर्स्यांगदी नदीत कोसळली तो हाच रस्ता. त्यांचं माहेर भुसावळचं, त्या दिवसांत माहेरच्या फोनवर दुसरं काही बोलणंच नव्हतं. पशुपतिनाथाला जायचंय पण त्या रस्त्याने नको असं त्यांचं चाललंय. मला त्यांना उगाच धीर द्यायचा नाहीये, खरंच बरा पर्याय हवाय. कोणी गेलं असेल तर सविस्तर सांगा प्लीज.

बाड्याजवळचा
ताई मी एकटा गेलो होतो दोन वर्षांपूर्वी, सगळ्यात स्वस्त म्हणजे काठमांडूच्या कलंकीवरून मायक्रोबस, ८०० नेपाळी रुपये म्हणजे आपले ५०० लागले, भरली की सुटते त्यामुळे वेळ बघायला लागत नाही आणि टुरिस्ट बसपेक्षा लवकर पोचते. पण लवकर पोचते कारण ड्रायव्हर दामटतात, वळणावर ओव्हरटेक करतात, पाय ठेवायला जागा नाही आणि बॅगा टपावर. मला चाललं, तुमच्या सासूबाईंना अजिबात नाही चालणार. रात्रीची बस गोंगबूच्या नव्या बसपार्कवरून सुटते, तीही मी एकदा केलीय, पहाटे चारला पोखऱ्याच्या पृथ्वी चौकात उतरवलं, हॉटेल उघडं नाही, टॅक्सीवाला म्हणेल तो भाव. एक रात्र वाचली कुठे, उलट सकाळभर लॉबीत बॅगेवर डोकं ठेवून बसलो होतो.

लष्करवाले काका
सूनबाई, मी आणि सौ. मागच्या नोव्हेंबरात जाऊन आलो, दोघंही साठीच्या पुढचे. आपल्या गावाला नेपाळ तसं परकं नाही, आपल्या शिंदे राजघराण्यातल्या माधवीराजे माहेरच्या तिथल्याच राणा घराण्यातल्या होत्या, आमच्या लहानपणी बाड्यावर नेपाळच्या गोष्टी निघायच्या. असो, मुद्द्याचं सांगतो.

टुरिस्ट बसच घ्या. काठमांडूत थामेल भागाजवळ सोह्रखुट्टे म्हणून जागा आहे तिथून सकाळी सातच्या सुमारास सगळ्या बस एकामागून एक सुटतात. आम्हाला माणशी १२०० नेपाळी पडले म्हणजे आपले ७५०. आपल्या १०० रुपयांचे १६० नेपाळी हा दर पक्का असतो, हिशोब त्यानेच करायचा. अजून वरची सोफासीटवाली बस पण असते, आडव्या ओळीत तीनच सीट, तिचे १६०० होते, गुडघे दुखत असतील तर पाच जणांत निदान सासू-सासऱ्यांना त्यात बसवावं असं तुम्हाला वाटेल, पण कुटुंब दोन बसमध्ये फोडू नका, सगळे एकातच जा.

गाडी लागण्याबद्दल. खरा त्रास पहिल्या तासाभरातच आहे, काठमांडूच्या खोऱ्यातून बाहेर पडताना थानकोटनंतर नागढुंगाचा उतार लागतो तो नौबिसेपर्यंत, नुसती वळणं आणि ट्रकांची रांग. त्यानंतर रस्ता त्रिशूली नदीच्या काठाने जातो, वळणं आहेत पण पोटात ढवळत नाही. म्हणून सकाळी निघताना पोटभर नाश्ता करू देऊ नका, आलेपाकाची वडी तोंडात, पुढच्या दोन-तीन ओळींत सीट, आणि नौबिसे गेलं की मग दशमी-चटणी काढा. सौ. ला आमच्या सिंहगडावर पण गाडी लागायची, ती इथे ठीक राहिली. सीट उजव्या बाजूची मागा, नदी आणि हिमशिखरं दोन्ही त्याच बाजूला. वाटेत दोन-तीनदा थांबतात, जेवणाला डाळ-भात-तरकारी सगळीकडे मिळते, शाकाहारी म्हणून काळजी नको. कुरिनटारला मनकामना देवीची केबल कार दिसते. मुगलिंगला त्रिशूली आणि मर्स्यांगदीचा संगम, तिथून पुढे दुम्रे, दमौली, पोखरा. आम्हाला साडेआठ तास लागले, मुगलिंगच्या पुढे रस्ता रुंद करायचं काम चालू होतं त्यामुळे धूळ फार, सगळ्यांना मास्क आणि सासूबाईंना एक ओढणी जवळ ठेवा.

इंदूरची रमणी
विमानाचं मी सांगते, आईबाबांना घेऊन गेलो तेव्हा जाताना विमान आणि येताना बस असं केलं. उड्डाण फक्त २५ मिनिटांचं. आपल्याला एक फायदा आहे जो खूप जणांना माहीतच नसतो, भारतीयांसाठी वेगळं भाडं असतं, डॉलरवाल्या परदेशी भाड्यापेक्षा बरंच कमी. साइटवर नॅशनॅलिटी इंडियन निवडा नाहीतर महागडं तिकीट दिसतं आणि माणूस तिथेच सोडून देतो. तरी बसच्या चौपट-पाचपट होतंच, पाच जणांचं बजेट बसवणं अवघड. शिवाय सकाळच्या धुक्यात फ्लाइट लांबतात, आम्ही तीन तास एअरपोर्टवर बसलो होतो म्हणजे वेळ काही फार वाचला नाही.

आणि ताई, सासूबाईंना भीती अपघाताची असेल तर विमान हा त्यावरचा उपाय म्हणून सांगू नका. जानेवारी २०२३ मध्ये पोखऱ्यालाच विमान पडून ७२ जण गेले होते, त्यांना ते आठवलं तर अजून घाबरतील. दिवसाउजेडी चांगली बस आणि कोरडा मोसम, एवढंच आपल्या हातात आहे आणि ते तुम्ही करताच आहात, नोव्हेंबरमध्ये दरडींचा धोका पावसाळ्यापेक्षा पुष्कळ कमी.

दौलतगंजवाली
काका, रमणीताई, दादा, तिघांचे मनापासून आभार. मी हे सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं, नौबिसेपर्यंतच त्रास हे ऐकून त्यांना बरं वाटलं. टुरिस्ट बस नक्की. परतीला पोखऱ्याहून परत काठमांडूला यायचं की थेट सोनौली?

माधवगंजचा प्रवासी
थेट सोनौली, काठमांडूला परत जायची काही गरज नाही, तो उलटा फेरा आहे. पण वहिनी, तुमच्या प्लॅनमध्ये एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाहीये आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. तुम्ही पोखऱ्याच्या बसची काळजी करताय, पण सोनौलीहून काठमांडूला कशा जाणार ते लिहिलंच नाही. गोरखपूरला उतरून बॉर्डरवर पोचेपर्यंत दुपार-संध्याकाळ होते आणि मग एजंट लोक रात्रीच्या बसमध्ये बसवतात, सकाळी काठमांडू म्हणून. ती बस नारायणगढ ते मुगलिंग त्रिशूलीच्या काठाने रात्री जाते. १२ जुलै २०२४ ला पहाटे सिमलतालजवळ दरड कोसळून दोन बस नदीत गेल्या तो हाच पट्टा, आणि मुगलिंगपासून काठमांडूपर्यंत पुन्हा तोच रस्ता जो तुम्ही दिवसा करायचं एवढं ठरवताय. म्हणजे एका बाजूने दिवसाची बस शोधायची आणि दुसऱ्या बाजूने रात्री त्याच रस्त्याने जायचं, याला अर्थ नाही.

मी तेच केलं होतं, आईला घेऊन, एजंटने एसी बस सांगितली आणि निघाली साधी, ड्रायव्हर एकच, रात्री दोनला कुठल्यातरी ढाब्यावर त्याने डोळ्यांवर पाणी मारलं ते आईने बघितलं आणि पुढे सकाळपर्यंत ती माझा हात सोडत नव्हती. ती रात्र मी विसरलेलो नाही.

म्हणून बॉर्डर ओलांडली की भैरहवालाच मुक्काम करा, खोली स्वस्तात मिळते. लुंबिनी तिथून वीस-बावीस किलोमीटर, सासऱ्यांना आवडेल, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची बस घेऊन उजेडात काठमांडू. एक दिवस वाढतो, काठमांडूच्या तीन रात्रींऐवजी दोन करा.

परतीला पोखऱ्याहून पाल्पा-तानसेनवरून सिद्धार्थ हायवे जवळचा आहे, पण वळणावळणाचा, गाडी लागणाऱ्या माणसाला तिकडून नेऊ नका. मुगलिंग-नारायणगढवरून फेरा पडतो पण नारायणगढनंतर बराच सपाट आहे, शक्य असेल तर चितवनला सौराहाला एक रात्र थांबा, मुलगा गेंडे बघेल आणि सासूबाईंचे पाय मोकळे होतील.

दौलतगंजवाली
बाप रे, ह्यांनी खरंच रात्रीची बसच धरली होती हिशोबात. आजच बदलायला सांगते. भैरहवाला एक रात्र, काठमांडूला दोन, लेकसाइडला तीन, चितवनला एक असं बसतंय. सासूबाई म्हणाल्या भुसावळला फोन करून सांगते की आम्ही फक्त दिवसा प्रवास करणार आहोत. ओळखपत्राचं काय, आधार चालेल का?

इंदूरची रमणी
रस्त्याने जातानाही मोठ्यांचं मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट जवळ ठेवाच, हॉटेलात लागतं. पुढेमागे विमानाने यायची वेळ आली तर १५ ते ६५ वयाच्या माणसांना नुसतं आधार चालत नाही. शंभराच्या नोटा भरपूर ठेवा. मोठ्या दुकानांत क्यूआर स्कॅन करून आपल्या यूपीआयने पैसे देता येतात, बसवाल्याकडे आणि फेवावरच्या नावाड्याकडे रोखच द्या. तालबाराहीचं देऊळ तलावाच्या मधोमध बेटावर आहे, सासूबाईंना तिथे नक्की न्या, नावेत लाइफ जॅकेट देतात ते घालायला लावा.

लष्करवाले काका
माधवगंजवाल्यांनी बरोबर नेमकं पकडलं, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सूनबाई अजून एक, पोखऱ्याच्या बसचं तिकीट आदल्या दिवशी थामेलमधूनच काढा आणि सीट नंबर कागदावर लिहून घ्या, तोंडी नको, आम्हाला सांगितलेली सीट सकाळी दुसऱ्याला दिलेली होती. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे असतं, बॉर्डरवरच सगळ्यांची घड्याळं लावून घ्या, सातची बस म्हणजे आपले पावणेसात. आम्हाला तिकीटवाल्याने साडेसहाला या म्हणून सांगितलं होतं, तसेच पोचा, पुढच्या सीट तेव्हाच मिळतात.