‘ढगात गायब झालेली पलटण’: ही गोष्ट सांगणं थांबवावं का?

निळी शाई (चर्चाप्रस्ताव)

दर ऑगस्टमध्ये ही गोष्ट नव्याने फिरू लागते. साल १९१५, पहिलं महायुद्ध, तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीची मोहीम, ब्रिटिशांच्या नॉरफोक रेजिमेंटची पाचवी बटालियन. तिच्यातली एक कंपनी तर थेट राजाच्या सँड्रिंगहॅम इस्टेटीवरच्या नोकरमाणसांतून उभी राहिलेली. १२ ऑगस्टला सुव्हलाच्या मैदानातून ही माणसं तुर्कांवर चालून गेली, समोरच्या झाडीत शिरली आणि परत आलीच नाहीत. सेनापती हॅमिल्टन यांनी वरिष्ठांना कळवलं तेही असंच: सोळा अधिकारी, अडीचशे शिपाई, एकही परतला नाही. मग गोष्टीत ढग येतो. जमिनीला टेकलेला ढग, सगळे त्यात चालत गेले, ढग वर उचलला गेला आणि खाली कोणी नाही.

ढगाची ही साक्ष १९६५ सालची आहे. पन्नास वर्षं उलटल्यावर न्यूझीलंडच्या एका माजी सैनिकाने दिलेली. तीत बटालियनचं नाव चुकलंय आणि जागाही भलतीच आहे.

त्याच्या कितीतरी आधी, १९१९ मध्येच, कबरी शोधत फिरणाऱ्या ब्रिटिश पथकाला तुर्की आघाडीच्या आत सुमारे आठशे यार्डांवर १८० मृतदेह सापडले होते. त्यातले १२२ याच बटालियनचे. बहुतेक एका पडक्या शेतघराच्या आसपास. दोन दिवसांपूर्वी किनाऱ्यावर उतरलेली, लढाईचा अनुभव नसलेली पोरं शत्रूच्या रांगेत खोल शिरली, मागच्यांपासून तुटली, घेरली गेली आणि मारली गेली. एवढंच घडलं होतं.

गूढ म्हटलं की जाब विचारायची गरज उरत नाही. अशा पोरांना असं पुढे कोणी धाडलं, पाठीशी कुमक का नव्हती, हे प्रश्न त्या ढगाबरोबर उडून जातात. म्हणून माझं स्पष्ट मत: युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांना गूढकथेत कोंबणं बंद करावं. तुम्हाला काय वाटतं?

तात्या परब

अजिबात पटलं नाही. फ्रान्समध्ये थिएपवालच्या स्मारकावर ७२ हजारांहून जास्त नावं कोरली आहेत. सोमच्या रणभूमीवर पडलेली आणि कबर न मिळालेली ही माणसं. त्यातलं एक तरी नाव आपल्याला सांगता येईल का? नॉरफोकवाले मात्र शंभर वर्षांनंतरही आठवतात. का? ढगामुळे. पन्नाशी उलटलेला कॅप्टन फ्रँक बेक, इस्टेटीचा कारभारी, आपणच जमवलेली माणसं एकटी जाऊ नयेत म्हणून त्या वयात निघाला. हे मला कुठल्या सरकारी अहवालातून कळलं नाही, त्या ‘भाकडकथे’च्या नादाने वाचत गेलो म्हणून कळलं.

शिवाय सगळं उलगडलंय हेही खरं नाही. १९१९ ला जे सापडले त्यातल्या फक्त दोघांची नावानिशी ओळख पटली. काहींना शरण आल्यावर मारलं का, हा वाद अजून मिटलेला नाही.

सुमेधा दे.

तात्या, तुमचा कॅप्टन बेक मलाही आवडला. पण ढगाची गोष्ट तिथे निरुपद्रवी आहे, कारण प्रेतं सापडली होती. सापडू नयेत म्हणून कोणी मुद्दाम गोष्ट रचतो तेव्हा काय होतं ते पाहा.

१९३९ साली सोव्हिएत फौजांनी हजारो पोलिश अधिकारी कैद केले आणि कोझेल्स्क, स्टारोबेल्स्क, ओस्ताश्कोव्हच्या छावण्यांत ठेवले. हिवाळाभर घरी पत्रं येत होती. १९४० च्या वसंतात ती एकाएकी थांबली. घरच्यांनी पाठवलेली पत्रं परत येऊ लागली. डिसेंबर १९४१ मध्ये पोलंडचे पंतप्रधान सिकोर्स्की आणि जनरल अँडर्स क्रेमलिनमध्ये गेले आणि आमचे अधिकारी कुठे आहेत असं त्यांनी थेट स्टालिनला विचारलं. उत्तर मिळालं: पळून गेले असतील, मांचुरियाला वगैरे.

मांचुरिया! खुनाच्या आदेशावर ज्याची सही आहे तो माणूस हे बोलत होता. एप्रिल १९४३ मध्ये रशियातल्या कातिनच्या जंगलातल्या या अधिकाऱ्यांच्या कबरी जर्मनांनी उघड केल्या. खिशांत रोजनिशा होत्या, पत्रं होती, वर्तमानपत्रांची पानं होती आणि त्यांवरच्या तारखा १९४० च्या वसंतापाशी थांबत होत्या. तरी सोव्हिएत सरकार जर्मनांकडेच बोट दाखवत राहिलं. कबुली आली १९९० मध्ये. एकूण सुमारे २२ हजार माणसं.

त्या पन्नास वर्षांत या बायकापोरांसाठी नवरा, बाप ‘गूढरीत्या बेपत्ता’च होता. म्हणून निळी शाई यांच्या बाजूने माझं मत. सैनिक बेपत्ता झाला असं ऐकलं की माझा पहिला प्रश्न असतो: हे कोणाला ठाऊक आहे आणि तो गप्प का आहे?

मानस

मी वेगळ्याच बाजूने विरोध करतो. तुम्ही सगळे शोध चालू ठेवा म्हणताय. शोध चालू असेपर्यंत घरच्यांना श्राद्धही करता येत नाही आणि वाट बघणंही सोडता येत नाही. व्हिएतनाममध्ये बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांसोबत काम करताना पॉलिन बॉस या अमेरिकन संशोधिकेने ही अवस्था नोंदवली. माणूस गेलाय म्हणावं तर पुरावा नाही, आहे म्हणावं तर तो समोर नाही. अशा दुःखाला शेवटच नसतो.

आपल्याकडचं १९७१ घ्या. त्या युद्धातल्या ५४ बेपत्ता जवानांचा अजून पत्ता नाही. बेपत्तांची एक यादी १९७९ मध्ये संसदेत आली. १९८३ मध्ये आणि पुन्हा २००७ मध्ये नातेवाईक पाकिस्तानातले तुरुंग पाहून आले. हाती काही लागलं नाही. पाकिस्तान म्हणतो आमच्याकडे कोणीच नाही. त्या बायका तरुण होत्या, म्हाताऱ्या झाल्या. कधीतरी सरकारने धीर करून ‘ते आता नाहीत’ असं सांगायला हवं होतं. हे कठोर वाटेल, पण यात दया आहे.

सुमेधा दे.

मानस, कोणत्या पुराव्यावर सांगायचं? फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचं नाव ५ डिसेंबर १९७१ च्या पाकिस्तानी वृत्तपत्रात पकडलेल्या वैमानिकांच्या यादीत छापून आलं होतं, स्पेलिंग थोडं वेगळं एवढंच. ज्याच्या घरच्यांनी हे वाचलंय त्यांना ‘आता नाहीत’ म्हणून गप्प करायचं? जिवंत पकडलेल्याचं पुढे काय झालं, एवढंच तर ते विचारतात. जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या जोडप्रोटोकॉलमध्ये कुटुंबाचा हा जाणण्याचा हक्क कलम ३२ मध्ये लिहून ठेवलाय.

आणि कागदावर मेलेला माणूस खरोखर मेलेला असतोच असं नाही. दुसऱ्या महायुद्धातला जपानी अधिकारी हिरू ओनोडा, त्याला जपानने १९५९ मध्ये मृत ठरवलं. तो फिलिपाइन्सच्या लुबांग बेटावरच्या जंगलातून बाहेर आला १९७४ मध्ये!

मानस

सुमेधाताई, ओनोडा लाखात एक. त्याच्या नावावर किती घरांनी आशा धरून बसायचं? तुमचं हक्काचं म्हणणं मला मान्य आहे. मी मुदतीबद्दल बोलतोय.

कोरा लिफाफा

मुदतीबद्दलच बोलायचं तर अमेरिकन वैमानिक मायकेल ब्लासीचं प्रकरण बघा. मे १९७२, व्हिएतनाममध्ये अन लोकजवळ त्याचं विमान पडलं. काही महिन्यांनी थोडी हाडं सापडली, सोबत त्याचं ओळखपत्रही. म्हणजे नाव हातात होतं! ते ओळखपत्र वाटेत कुठेतरी हरवलं. पुढे हाडांवरून काढलेली उंची आणि वय त्याच्याशी जुळत नाही असं ठरवून १९८० मध्ये ते अवशेष ‘अज्ञात’ केले गेले. १९८४ मध्ये आर्लिंग्टनच्या अज्ञात सैनिकाच्या समाधीत राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या उपस्थितीत मोठ्या मानाने दफन झालं. सगळा देश ज्याला सलाम करत होता तो अज्ञात नव्हताच. घरच्यांनी हट्ट धरला, १९९८ मध्ये समाधी उघडली, डीएनए जुळला.

फ्रान्समधल्या फ्रोमेलचं तसंच. जुलै १९१६ मध्ये एका रात्रीत साडेपाच हजार ऑस्ट्रेलियन कामी आले किंवा जखमी झाले. कबरींचा हिशेब जुळत नाही हे मेलबर्नचा एक निवृत्त शिक्षक कित्येक वर्षं सांगत राहिला. जुने हवाई फोटो, रेड क्रॉसच्या फायली, असं सगळं जमवत. २००९ मध्ये जंगलाच्या कडेच्या खड्ड्यांतून २५० मृतदेह निघाले आणि दीडशेहून जास्त जणांना नावं परत मिळाली. ९३ वर्षांनी. मानस, यातली कोणती मुदत योग्य म्हणाल?

तात्या परब

हे वाचून बरं वाटलं. पण त्या शिक्षकाला तरी कशाने झपाटलं? न उलगडलेल्या गोष्टीनेच ना? ती ओढ मारून टाकू नका एवढंच मी म्हणतोय.

१०३ वी

तुम्ही सगळे ज्यांची नावं आहेत त्यांच्याबद्दल बोलताय. माझा विषय त्याच्या अलीकडचा. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुटच्या वेढ्यात सहावी पुणे डिव्हिजन अडकली होती. त्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार माणसं शरण गेली आणि त्यांना वाळवंटातून पायी हाकललं गेलं. कोण कुठे पडला याची नोंद कोण ठेवणार?

मेसोपोटेमियात कबर न मिळालेल्या चाळीस हजारांहून जास्त जणांसाठी बसऱ्याला स्मारक आहे. त्यावर ब्रिटिश शिपायाचं नाव आहे. हिंदी शिपायाचं नाही. पलटणीचं नाव, अधिकाऱ्यांची नावं आणि त्याखाली ‘आणि इतर इतके’. २०२१ मध्ये स्मारकं सांभाळणाऱ्या आयोगानेच अहवाल काढून मान्य केलं की पहिल्या महायुद्धातल्या किमान १ लाख १६ हजार जणांची नावं कुठेच कोरली गेली नाहीत. बहुतेक पूर्व आफ्रिकेतली आणि इजिप्तमधली माणसं. यांच्या वाट्याला ढगही आला नाही, तात्या.

निळी शाई

१०३ वी, तुमचा प्रतिसाद वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. माझ्या मूळ म्हणण्याला यातून बळच मिळतं. ज्या गोष्टीत राजाच्या इस्टेटीचा संबंध होता ती जगभर फिरली, ‘इतर’ मात्र आकड्यातच राहिले. आपलं कुतूहलही आधी कोणाची दखल घेतली गेलीय ते बघूनच जागं होतं.

मानस, सरकारने खोटी आशा दाखवू नये हे मान्य. पण तपासाचे कागद उघडे न करता ‘ते गेले’ म्हणणं मला मान्य नाही.

मानस

कागद उघडे करून मग सांगा, इथपर्यंत मी येतो. त्यापुढे मात्र मी मुदतीवर ठाम आहे.

कोरा लिफाफा

कोणाच्या घरात पणजोबा पहिल्या महायुद्धाला जाऊन परत न आल्याची आठवण असेल तर: जिनिव्हाच्या रेड क्रॉसने तेव्हा युद्धकैद्यांची जवळपास सत्तर लाख कार्डं लिहिली होती, ती आता मोफत ऑनलाइन पाहता येतात. नावांची स्पेलिंगं वाटेल तशी आहेत, म्हणून एकच नाव वेगवेगळ्या स्पेलिंगने शोधून बघा. १०३ वी, कुटचे कैदी तुर्कांच्या हाती होते, त्यामुळे तुमच्यासाठी त्यात किती सापडेल सांगता येत नाही. पलटण आणि गाव कळवा, मी बघायला लागतो.