शिळासप्तमीच्या कहाणीतली सून आजच्या लातुरात: बळी काय दाखवू?

पाणवठा:
शिळासप्तमीच्या कहाणीवरून कथा लिहितेय. राजा तळं बांधतो, पाणी काही लागत नाही. जळदेवता सुनेचा थोरला मुलगा मागतात. राजा सुनेला माहेरी धाडतो, नातवाला न्हाऊमाखू घालतो, दागिने चढवतो आणि पलंगावर निजवून तळ्यात ठेवतो. तळं भरतं. मग सून माहेराहून येताना तळ्यापाशी वसा करते आणि मुलगा तिला परत मिळतो.

माझी कथा घडते लातूरजवळच्या खेड्यात, 2016च्या उन्हाळ्यात. शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, तेव्हा. राजाच्या जागी बोअरमागून बोअर घेणारा सासरा. सहाशे फुटांवरही नुसता फुफाटा उडतोय आणि गाडीवाला म्हणतोय, आणखी शंभर फूट जाऊ.

अडलंय ते बळीपाशी. उघड्या बोअरमध्ये पोर पडतं, असं मला करायचं नाही. तो अपघात झाला. कहाणीतला सासरा जाणूनबुजून देतो, तेही आईच्या माघारी. माझा सगळा राग तिथं आहे.

बालाघाट:
आमच्याकडं याला उत्तर आहे, ताई. ऊसतोडीची उचल, म्हणजे कामाआधीच हातात पडणारी रक्कम. बोअरला पैसा हवा म्हणून सासरा टोळीच्या मुकादमाकडून उचल घेतो आणि पंधरा वर्षांच्या नातवाला कोयत्यात, म्हणजे तोडणीच्या मजुरांत धरतो. उचल उन्हाळ्या-पावसाळ्यातच उठते, टोळी निघते दसरा-दिवाळीला. पोरगं दहावीला असेल तर शाळा तिथंच सुटली. रक्त कुठं सांडायला नको. कारखान्याच्या पालात राहून, पहाटे थंडीत मोळ्या बांधणारं पोर मी बघितलंय. बळीच आहे तो.

माजघर:
वसा मात्र काढू नका, हात जोडून सांगते. आधुनिक करायचं म्हणून लोक आधी देवधर्म कापतात आणि मग बाईच्या हातात काही उरत नाही. तळ्याच्या पाळीवर काकडीच्या पानावर दहीभात मांडते, भावाला वाण देते, ते सगळं ती स्वतःच्या मनानं करते. भाऊही ठेवा. तिच्या बाजूनं उभं राहणारं तेवढंच एक माणूस आहे त्या कहाणीत.

आणि आमच्या घरी वाचतात त्या पोथीत सासरा तिचे पाय धरून विचारतो, तुझा मुलगा आम्ही बळी दिला होता, तो परत कसा आला? म्हणजे बळी दिल्याचं तिला तिथं, त्या एका वाक्यात कळतं! ती वशाचं सांगते आणि कहाणी पुढं पळते. तुम्ही पळू नका.

पाणवठा:
बालाघाटदादा, महिन्यांचं गणित किती नेमकं बसलं! उचल वैशाखात, शिळासप्तमी श्रावणात, टोळी दसऱ्यानंतर. म्हणजे ती माहेराहून येते तेव्हा पोर अजून गावातच आहे, हाताला लागण्याजोगं. जळदेवतांनी मूल परत देण्याची जागा मला हीच वाटते.

माजघरताई, पाय धरण्याचा प्रसंग आता सगळ्यात मोठा करणार. बोअरला पाणी लागलंय, मोटर चालू आहे, सासरा पायाशी वाकलाय. ती माफ करत नाही, रडतही नाही. मुलाला मागं घेते आणि विचारते, “मामंजी, उचल कितीची घेतली?”