मदत हवी आहे: नववीच्या पोरांना ‘काय व्हायची भीती वाटते’ हे कसं विचारू?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडं मराठी मीडियमला शिकवतो. नववीतली चार पोरं सायकलींचे पार्ट काढून विकताना सापडली. पुढं काय करणार विचारलं तर एकजण कंपासनं बेंच कोरत ‘गोव्याला जाणार की सर, काम मिळतंय’ एवढंच बोलला.

ऑयसरमन आणि मार्कस या मानसशास्त्रज्ञांचा १९९० चा अमेरिकेतला अभ्यास वाचलो, पोरगं काय होईन म्हणतं आणि काय व्हायची भीती वाटते याचा मेळ नसला तर गुन्ह्याकडं ओढा जास्त, असं काहीसं. पालकांना बोलावून झालं, करिअर गाइडन्स पण झालं (नेहमीचंच डॉक्टर-इंजिनिअर). पोलिसात जायचं नाही, पुढच्या वर्षी एसएसएलसी (कर्नाटकातली दहावी बोर्ड) आहे, आणि समुपदेशक कन्नडच बोलतात. तर हे भीतीचं मराठीत कसं विचारायचं, लिहून घेऊ की एकेकट्याला बसवून?