उंच आणि वजनदार जोडीदाराशी स्पारिंग (सरावाची लढत): आत शिरायचं कसं? (सल्ला हवा)

बुटका_बैल (धागाकर्ता):
किकबॉक्सिंग, डावा पाय पुढे. उंची १६५ सेंमी, वजन ६१ किलो. समोरचा १८४ सेंमी, ८३ किलो, त्याचाही डावा पाय पुढेच. पाऊल टाकलं की त्याचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) कपाळावर बसतो. तो चुकवून आत गेलं की मानेवर हात टाकून रेलतो. मागे सरकलं तर पुढच्या पायाची लाथ पोटात. प्रश्न तीन: शिरायचं कधी, आत गेल्यावर डोकं आणि हात कुठे, आणि वजनाच्या फरकासाठी साहित्यात काय बदलायचं? 'वेग वाढवा' सोडून काहीही सांगा.

दोरीखालून:
आधी उभं राहायची जागा ठरवा, शिरायचं नंतर बघू. त्याचा हात पूर्ण लांबला तरी ग्लोव्ह नाकापासून वीतभर दूर राहतो, ती एक सुरक्षित जागा. तुमचा खांदा त्याच्या छातीला टेकतो, ती दुसरी. यांच्या मधला सगळा पट्टा त्याचा. तिथे त्याचा हात पोचतो आणि तुमचा चार बोटं कमी पडतो. बुटकी मंडळी नेमकी तिथेच उभी राहून पुढचा विचार करत असतात. त्या पट्ट्यातून फक्त जायचं किंवा यायचं, तिथे मुक्काम नाही.

आता वेळ. जॅब परत जाताना शिरा. त्यासाठी तो आधी काढून घ्यावा लागतो: पुढचं पाऊल अर्धं आत टाका, वजन मागच्या पायावरच ठेवा. तो जॅब टाकेल. पहिल्या वेळी नुसते बाहेर या आणि बघा, हात खाली पडत परत जातो की सरळ गालाशी. तिसऱ्या हुलकावणीला डोकं उजवीकडे, त्याच्या डाव्या हाताच्या बाहेर न्या. ग्लोव्ह कानाजवळून गेला पाहिजे, हातभर लांबून नको. तो हात मागे घेतो त्याच क्षणी तुमचं डावं पाऊल आणि डावा जॅब एकत्र, थेट पोटात. चेहऱ्याच्या मागे लागू नका. चेहरा मागे झुकतो, पोट तिथेच राहतं.

हे बिघडतं कंबरेतून वाकल्यामुळे. खाली जायचं ते गुडघ्यांतून, नजर त्याच्या छातीवर. नाक पुढच्या गुडघ्याच्या पुढे गेलं की अपरकट (खालून वर येणारा ठोसा) किंवा गुडघा ठरलेलाच.

सराव: खांद्याच्या उंचीवर दोरी बांधा, तिच्याखालून डावी-उजवीकडे जात पुढे सरका. मग जोडीदाराबरोबर २ मिनिटांच्या तीन फेऱ्या. पहिलीत तो फक्त जॅब टाकेल, तुम्ही फक्त त्याच्या छातीला ग्लोव्ह लावायचा. दुसरीत त्याला क्रॉसही (मागच्या हाताचा सरळ ठोसा) चालेल. तिसरी मोकळी.

कोपर_आत:
वरच्याला +१. आत गेल्यावर कपाळ त्याच्या डाव्या खांद्याखाली छातीला टेकवा, दोन्ही ग्लोव्ह त्याच्या दंडांच्या आतून. बॉक्सर जो फ्रेझर १९७१ मध्ये मुहम्मद अलीसमोर असाच छातीला चिकटत राहिला आणि १५व्या फेरीत डाव्या हूकने (बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने) त्याला खाली बसवलं. तीन-चार फटके मारा, तो धरायच्या आत निघा. निघताना सरळ मागे कधीच नाही, कारण मागे गेलात की पुन्हा त्याच पट्ट्यात. डावा पाय खिळ्यासारखा ठेवून उजवा मागून फिरवा आणि तिरके बाहेर पडा.

पोटरीवाला:
कपाळ छातीवर हे बॉक्सिंगमध्ये ठीक. धागा किकबॉक्सिंगचा आहे, तुमच्या क्लबात गुडघे चालत असतील तर वाकलेलं डोकं म्हणजे आमंत्रण. तो मानेवर रेलला की आपण डोकं मागे ओढतो, मान वाकते आणि त्याचं सगळं वजन मणक्यावर येतं. त्याच्या उलट करा: पाठ ताठ, हनुवटी त्याच्या छातीवर, नजर वर, आणि कंबर त्याच्या कंबरेला चिकटवा. गुडघ्याला फेकायला जागाच उरत नाही. मग एक हात त्याच्या दंडावर, दुसऱ्याने त्याचं कोपर वर ढकला आणि बगलेखालून बाजूला निघा.

दुसरं, तुमचा पाय तुमच्या हातापेक्षा लांब आहे हे सगळे विसरतात. उजवीकडे डोकं नेलं की वजन उजव्या पायावर जातं आणि डावा हलका होतो. तोच त्याच्या पुढच्या मांडीच्या आतल्या बाजूला मारा. जॅब टाकताना त्याचं वजन त्याच पायावर असतं, त्याला तो उचलता येत नाही. लाथ मोठी नको. त्याचं पाऊल वीतभर सरकलं तरी त्याचा त्यानंतरचा क्रॉस हुकला. मारलेला पाय मागे न नेता तिथेच आत ठेवा, झालं शिरणं.

पोटातली लाथ: मागे सरकता म्हणून ती बसते. अर्धं पाऊल उजवीकडे जा, डाव्या हाताने त्याचा घोटा खाली आणि बाहेर लोटा. पाय तिरका पडेल आणि त्याची बाजू उघडी होईल. दोन्ही हातांनी पाय धरायला वाकू नका, चेहरा उघडा पडतो.

बुटका_बैल:
कोपर वर ढकलायचं कळलं. ओव्हरहँडचं (मागच्या हाताने वरून कमानीत टाकलेल्या ठोशाचं) काय? सगळे तोच सांगतात.

दोरीखालून:
चालतो, पण पहिल्या घासाला नाही. लांबून वर फेकला की मूठ पोचेपर्यंत तोल गेलेला असतो. आधी पोटात दोन-तीन जॅब द्या. तो कोपर खाली आणू लागला की मग त्याच्या जॅबवरून उजवा टाका. डोकं तेव्हा डावीकडे जातं, म्हणजे त्याच्या उजव्या हाताकडे, त्यामुळे तुमचा डावा ग्लोव्ह गालाला चिकटलेला हवा.

आणि आत शिरणं हाच एक मार्ग नाही. बॉक्सर डेव्हिड हे याने २००९ मध्ये २१३ सेंमी उंचीच्या बॉक्सर वालुएव्हला बाहेरूनच दमवलं: मारा, निघा, त्याला फिरायला लावा. फक्त या पद्धतीला पाय लागतात, दमही.

१६_औंस:
साहित्याचं उत्तर राहिलं. दोघांनाही १६ औंसचे ग्लोव्ह, तुम्ही हलके असलात तरी. दातांचं गार्ड आणि नडगीचं पॅड हवंच. हेडगार्डने कातडी फाटण्यापासून वाचते, मेंदूला बसणारा हिसका थांबत नाही, म्हणून ते घालून जास्त जोरात खेळू नका.

२२ किलोंचा फरक जाणवतो तो अडवताना. ग्लोव्ह कपाळापासून दोन बोटं दूर असला तर फटका अडतो आणि तुमचाच ग्लोव्ह नाकावर आपटतो. तो कपाळाला टेकलेला ठेवा, कोपर बरगडीला.

घंटेच्या आधी तोंडाने ठरवा: डोक्याला नुसता स्पर्श, अंगावर तिसऱ्या हिश्शाचा जोर, गुडघे बंद. फेरीच्या मध्यात जोर वाढला तर तिथेच थांबून पुन्हा सांगा. वजनदार माणसाला त्याचा 'हलका' फटका केवढा बसतो हे खरंच कळत नसतं, म्हणून सुरुवातीला त्याला तुमच्या ग्लोव्हवर दोन फटके मारायला लावून जोर ठरवून घ्या. डोकं दुखलं, मळमळलं, उजेड सहन होईना, तर त्या दिवशीचं स्पारिंग संपलं. डॉक्टरांनी सांगेपर्यंत डोक्याला फटका नाही. बॅग मारणंही डॉक्टरांना विचारूनच.

बुटका_बैल:
आभार. आधी दोरी आणि छातीला ग्लोव्ह लावायची फेरी. गुडघे आमच्याकडे चालतात, त्यामुळे पाठ ताठवालं घेतो.