टॉटॉलॉजीला मराठीत काय म्हणायचं?

तर्कशास्त्रावरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय आणि 'टॉटॉलॉजी'वर अडलेय. मी 'पुनरुक्ती' लिहिलं, तपासणाऱ्यांनी खोडून 'सर्वतःसत्य', म्हणजे काहीही झालं तरी खरंच ठरणारं विधान, असं केलं. पण त्याच लेखात पुढे 'पिवळा पीतांबर' छापाच्या बोलण्यालाही टॉटॉलॉजीच म्हटलंय, तिथे सर्वतःसत्य कसं बसणार? दोन्हीकडे चालेल असा शब्द आहे का?

—

ताई, गोष्टीच दोन आहेत. पुनरुक्ती हा बोलण्यातला दोष. 'पाऊस पडतोय किंवा पडत नाहीये' यात दोष काही नाही, सत्यता कोष्टक (प्रत्येक शक्यतेत विधान सत्य की असत्य, याचा तक्ता) मांडा, शेवटच्या रकान्यात 'असत्य' एकदाही येत नाही.

—

मग त्याचा उपयोग काय? तत्त्वज्ञ विट्गेन्श्टाइनने हेच पावसाचं उदाहरण देऊन म्हटलंय की एवढ्याने हवेबद्दल काहीच कळत नाही.

—

माहिती मिळत नाही पण वाट मिळते! अपरिमेय (पूर्णांकांच्या भागाकाराने लिहिता न येणाऱ्या) संख्येचा अपरिमेय घात परिमेय येऊ शकतो का? √२ चा √२ वा घात घ्या. तो परिमेय आहे किंवा नाही, हीच आपली टॉटॉलॉजी. असेल तर झालंच काम, नसेल तर त्याचाच परत √२ वा घात घ्या, उत्तर २. कुठली बाजू खरी ते माहीत नसताना सिद्धता पूर्ण होते. वर्गात हे फळ्यावर लिहिलं की मुलं जरा वेळ गप्पच बसतात.

—

पीतांबराचं उदाहरणच मला पटत नाही. आमची आजी सोवळ्यातल्या रेशमी वस्त्राला पीतांबर म्हणायची, आजोबांचा जांभळा होता. मग 'पिवळा पीतांबर' यात पुनरुक्ती कुठे?

—

पीत म्हणजे पिवळा, विषय संपला. असंच चालवलं तर उद्या 'लेडीज बायका' पण शुद्ध ठरेल.

—

'गाईचं गोमूत्र' तर सगळेच म्हणतात, त्यातला 'गो' आता कुणाला ऐकूच येत नाही. बोलणाऱ्याला चूक कशाला म्हणायचं?

—

न्यायसूत्रांत (न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात) 'पुनरुक्त' हे निग्रहस्थान आहे, म्हणजे वादात माणूस तिथे हरतो. पण सूत्रातच अपवाद दिलाय, अनुवाद सोडून. काही कारणाने पुन्हा म्हटलं तर दोष नाही. आणि तोच 'अनुवाद' शब्द आपण भाषांतराला वापरतो!

—

ग्रीक 'ताउतो' म्हणजे 'तेच', आणि त्यातला 'तो' नि आपला संस्कृत 'तत्' एकाच मुळाचे. म्हणून मी 'तदेवोक्ती' सुचवतो.

—

तदेवोक्ती वाचून कोण समजणार हो, त्यापेक्षा टॉटॉलॉजीच ठेवा.

—

आमच्याकडचा पीतांबर पिवळाच होता, पण धुऊन धुऊन पार पांढरा पडला, तरी आई 'तो पीतांबर आण' असंच म्हणायची.