मदत हवी आहे: घरचा बॅकअप आपोआप होतोय, पण जुने स्नॅपशॉट (त्या-त्या वेळच्या बॅकअपच्या प्रती) पुसायचा अधिकार कुणाला द्यायचा?

मंडळी, घरात माझा लिनक्स मिंटचा लॅपटॉप आणि बाबांचा विंडोज ११ चा पीसी आहे. त्यांचा टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटा त्या पीसीवर, त्यामुळे खरी काळजी त्याचीच. टीव्हीच्या कपाटात रास्पबेरी पाय ४ (छोटा कॉम्प्युटर, पुढे नुसता 'पाय') आणि २ टीबीची यूएसबी डिस्क बसवली आहे. दोन्ही मशीनवर रेस्टिक हा बॅकअप घेणारा प्रोग्राम, आणि पायवर ते बॅकअप स्वीकारणारा रेस्ट-सर्व्हर. बाबांना एकही बटण दाबायला लागू नये, ही मुख्य अट.

इथवर सगळं जमलंय. लॅपटॉपवर सिस्टमडीचा (लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामचा) टायमर आहे आणि त्यात पर्सिस्टंट चालू ठेवलंय, म्हणजे रात्री मशीन बंद असलं तरी सकाळी सुरू केल्यावर राहिलेला बॅकअप होतो. विंडोजवर तेच काम टास्क शेड्युलर करतो. टॅली उघडी असतानाही फायली नीट मिळाव्यात म्हणून व्हीएसएसचा (वापरात असलेल्या फायलींचीही प्रत घेऊ देणारी विंडोजची सोय) पर्याय लावलाय. रेस्ट-सर्व्हर अपेंड-ओन्ली (फक्त भर घालू देणारा) चालतो, तोही टीएलएसवर, म्हणजे एन्क्रिप्टेड जोडणीवर. पीसीत उद्या रॅन्समवेअर शिरलं तर ते भर घालू शकेल, आधीचं पुसू शकणार नाही.

घोडं अडलंय ते रेस्टिकच्या फरगेट (जुने स्नॅपशॉट यादीतून काढणं) आणि प्रून (त्यांचा डेटा डिस्कवरून पुसणं) या कमांडपाशी. हा अधिकार पीसीला दिला तर अपेंड-ओन्लीला अर्थच उरत नाही. पायवर क्रॉन (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सोय) लावला तर रिपॉझिटरीचा (बॅकअपच्या साठ्याचा) पासवर्ड तिथेच लिहून ठेवावा लागतो, आणि चोराने पाय-डिस्क एकदम उचलली तर कुलूप-किल्ली दोन्ही त्याच्या हातात. तुम्ही लोक काय करता? डिस्क भरू द्यायची आणि नवी आणायची, हा आळशी मार्गही डोक्यात आहेच.

दुसरं किरकोळ. आमच्याकडे लाइट वरचेवर जाते. परत आल्यावर कधीकधी डिस्क माउंट व्हायच्या (सिस्टमला जोडली जाऊन वापरता यायच्या) आधीच रेस्ट-सर्व्हर उठतो आणि बॅकअप फसतो.

प्रतिसाद १
किरकोळ आधी उरकतो. रेस्ट-सर्व्हरच्या सिस्टमडी सर्व्हिस फाइलच्या युनिट भागात रिक्वायर्स-माउंट्स-फॉर लिहून डिस्कचा पाथ द्या. माउंट झाल्याशिवाय सर्व्हर उठणार नाही.

प्रून मात्र आपोआप करूच नका. बॅकअप रोज व्हायला हवा, साफसफाई दोन-तीन महिन्यांतून एकदा झाली तरी चालते. पायवर एसएसएचने (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करून) जा, रिपॉझिटरीला थेट डिस्कवरचा पाथ द्या आणि पासवर्ड हाताने टाइप करा. तो कुठे साठवायचा प्रश्नच येत नाही. फक्त कमांड रेस्ट-सर्व्हरच्याच युजरने चालवा. रूटने (सर्वाधिकारी युजरने) चालवलीत तर नव्या फायलींची मालकी रूटकडे जाते आणि पुढचा बॅकअप परमिशनवर अडतो.

प्रतिसाद २
वरच्याला अनुमोदन. एक भर: फरगेटला कीप-लास्ट (शेवटचे अमुक इतके ठेव) देऊ नका. पीसी ताब्यात घेतलेला माणूस कचऱ्याचे ढीगभर स्नॅपशॉट टाकून ठेवेल आणि 'शेवटचे दहा ठेव' म्हणताना तुम्हीच खरे उडवाल. कालावधीवर चालणारं कीप-विदिन वापरा, आणि आधी ड्राय-रन (काहीही न पुसता नुसती चाचणी) करून यादी नजरेखालून घाला.

आणि अहो, टॅलीचा फोल्डर दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून टॅलीत कंपनी (हिशेबाची वही) उघडते का, हे पाहिलंत का?

धागाकर्ता
दोघांचेही आभार. हाताने प्रून करायचं ठरवलं. रिस्टोअर माझ्या मिंटवर करून फायली आल्यात हे पाहिलंय, पण तिथे टॅली नाही. या रविवारी बहिणीच्या विंडोज लॅपटॉपवर करतो आणि इथे कळवतो.